पोटात गोळा का येतो?

विद्यार्थिमित्रांनो, शाळा बुडविण्यासाठी जी कारणे सांगतात त्यांत सर्वांत जुने आणि सर्वांत सोपे कारण कोणते? तुम्ही हसून म्हणाल, "पोटात दुखतंय!" ताप आहे म्हटले तर आई कपाळाला हात लावून पाहते; खोकला आहे म्हटले तर तो खोकून दाखवावा लागतो. पोटदुखी मात्र कोणाला दिसत नाही आणि मोजताही येत नाही. त्यामुळे 'पोटदुखी म्हणजे ढोंग' असे एक समीकरणच घराघरांत आणि शाळाशाळांत होऊन बसले आहे.

हे समीकरण चुकीचे आहे. ते मी स्वतः एकदा वापरले आणि चुकलो. तेथूनच आजच्या लेखाला सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारा एक मुलगा होता. पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने सुप्यामार्गे नगरला यायचे, माळीवाड्याच्या स्थानकावर उतरायचे आणि चालत कॉलेज गाठायचे, असा त्याचा रोजचा क्रम. मुलगा हुशार होता. पण प्रात्यक्षिकाचा दिवस आला की हा हमखास गैरहजर. आला तरी अर्ध्या तासात पोट धरून बाहेर जाई. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे, ढोंग पुरे झाले!" सगळी मुले हसली. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "सर, खरंच दुखतं हो."

पुढे त्याच्या आईने डॉक्टरांचे कागद आणून दाखविले. सर्व तपासण्या करून झाल्या होत्या. आतड्यांत व्रण नव्हता, जंतुसंसर्ग नव्हता, गाठ नव्हती. तरीही वर्षभर पोटात कळा येत होत्या. कधी शौचास वारंवार जावे लागे, तर कधी दोन दोन दिवस होतच नसे. डॉक्टरांनी या विकाराचे नाव लिहिले होते, 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम', थोडक्यात 'आयबीएस'. मराठीत आपण त्याला 'चिडके आतडे' म्हणू या. या विकारात आतड्याची रचना ठीक असते, पण त्याचे वागणे बिघडलेले असते. आणि परीक्षा, प्रवास, भांडण, जागरण असा ताण पडला की ते अधिकच चिडते.

ताण पडतो मनावर, मग दुखते पोट का? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक, वैद्य नव्हे. तरीही वाचत गेलो, तेव्हा बऱ्याच गोष्टी आपल्या ओळखीच्याच निघाल्या.

भाषेने आधीच सांगून ठेवले आहे

आपली बोली पाहा. भीती वाटली की 'पोटात गोळा येतो'. अचानक संकट आले की 'तोंडचे पाणी पळते', 'घशाला कोरड पडते', 'हातपाय गार पडतात'. काळजीने 'भूक मरते'. आणि ज्याला कशाचेच काही वाटत नाही त्याच्या 'पोटातले पाणीही हलत नाही'. हे वाक्प्रचार ज्यांनी घडविले त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, पण त्यांचे निरीक्षण अगदी अचूक होते.

आपल्या शरीरात आपल्या इच्छेवाचून चालणारी एक मज्जासंस्था असते. तिला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिचे दोन प्रमुख भाग आहेत. एक अनुकंपी, दुसरा परानुकंपी. समोर फणा काढलेला नाग दिसला की अनुकंपी भाग जागा होतो. अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोराने धडधडू लागते आणि रक्त पळण्यासाठी लागणाऱ्या मोठ्या स्नायूंकडे वळविले जाते. साहजिकच कातडीकडचे रक्त कमी होते; म्हणजेच हातपाय गार पडतात. पचनाकडचे रक्तही कमी होते, लाळ आटते. म्हणजेच तोंडचे पाणी पळते. जिवावर बेतले असताना जेवण पचवीत बसण्यात अर्थ नसतो. शरीर जणू म्हणते, "पचनाचे पुढे पाहू, आधी पळ!"

संकट टळले की परानुकंपी भाग कारभार हाती घेतो. हृदय शांत होते, लाळ सुटते, आतडी पुन्हा कामाला लागतात.

अडचण अशी की, आपल्या शरीराला नाग आणि प्रश्नपत्रिका यांतला फरक नीट कळत नाही. नाग दोन मिनिटांत निघून जातो. परीक्षेची काळजी मात्र दोन-दोन महिने पोटात मुक्काम ठोकते.

कॅननची मांजर

हे कोणी पाहिले आहे काय? होय, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तेही भौतिकशास्त्राच्या मदतीने!

१८९५ साली राँटगेन यांनी क्षकिरणांचा शोध लावला. त्यानंतर जेमतेम एका वर्षाने, १८९६ च्या अखेरीस, अमेरिकेतील हार्वर्ड येथे वॉल्टर कॅनन नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने हे किरण पचनाच्या अभ्यासासाठी वापरण्यास सुरुवात केली. क्षकिरणांत हाडे दिसतात, पण जठर दिसत नाही. म्हणून त्याने मांजरांच्या अन्नात बिस्मथचे क्षार मिसळले. बिस्मथचा अणू जड असल्यामुळे तो क्षकिरण अडवितो. त्यामुळे पडद्यावर जठराची सावली उमटली आणि त्या सावलीवरून एकामागून एक जाणाऱ्या आकुंचनाच्या लाटा स्पष्ट दिसू लागल्या.

एके वेळी मांजर घाबरली, चिडली, सुटण्यासाठी धडपडू लागली. तत्क्षणी जठराच्या लाटा थांबल्या! कॅननने तिला कुरवाळले. ती शांत होऊन गुरगुरू लागली, तशा लाटा पुन्हा सुरू झाल्या. मनातली खळबळ पोटापर्यंत कशी पोहोचते, हे पडद्यावर दिसले. या कामाविषयीचा कॅनन यांचा निबंध १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट उघड केली. ताणाच्या वेळी जठराचे काम मंदावते, पण मोठ्या आतड्याची हालचाल उलट वाढते. म्हणून परीक्षेच्या सकाळी एकीकडे घास गिळवत नाही, पोट दडस वाटते. आणि दुसरीकडे शौचास मात्र पुन्हा पुन्हा जावे लागते. ही परस्परविरोधी वाटणारी लक्षणे एकाच वेळी का दिसतात, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

पोटाची स्वतःची मज्जासंस्था

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींचे एक दाट जाळे पसरलेले आहे. त्यांची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. मेंदूची आज्ञा न घेताही हे जाळे अन्न पुढे ढकलण्याचे काम करू शकते. म्हणून त्याला कोणी कोणी 'दुसरा मेंदू' असेही म्हणतात. हा मेंदू अर्थातच गणिते सोडवीत नाही!

या जाळ्याला डोक्यातल्या मेंदूशी जोडणारी मुख्य तार म्हणजे प्राणेशा तंत्रिका. तुम्हाला वाटेल की या तारेतून मेंदूचे हुकूम पोटाकडे जात असतील. तसे जातातही. पण तिच्यातील सुमारे ८० टक्के तंतू उलट दिशेने, म्हणजे शरीराच्या आतल्या इंद्रियांकडून मेंदूकडे, बातम्या नेतात. बोलणारे पोट अधिक आणि ऐकणारा मेंदू, असा हा संवाद आहे. म्हणजे मन बिघडले की पोट बिघडते हे जितके खरे, तितकेच पोट बिघडले की मन बिघडते हेही खरे.

माइकची शिट्टी

आता माझ्या विषयाकडे वळतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणी माइक घेऊन स्पीकरच्या समोर गेला की काय होते? कानठळ्या बसविणारी शिट्टी ऐकू येते. कोणी शिट्टी वाजविलेली नसते, मग ती येते कोठून? माइकमध्ये कसलीशी बारीक खसखस शिरते. ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. स्पीकरमधून निघालेला तोच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि आणखी मोठा होतो. हे चक्र फिरतच राहते. याला धन पुनर्भरण म्हणतात.

चिडक्या आतड्याचे असेच होते. थोडा वायू धरतो, पोटात बारीकशी कळ येते. इतरांना ती जाणवतही नाही. पण ज्याला पूर्वी त्रास झाला आहे तो दचकतो. "आता पुन्हा सुरू होणार! बसमध्ये काय करू? परीक्षेत उठावे लागले तर?" या भीतीने अनुकंपी संस्था जागी होते, आतडे अधिक आवळते, कळ वाढते. कळ वाढली की भीती वाढते आणि चक्र सुरू होते.

त्यातही या लोकांचा 'माइक' मुळातच अधिक संवेदनशील असतो. १९७३ साली रिची या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात लहानसा फुगा ठेवून त्यात हळूहळू हवा भरण्याचा प्रयोग केला. निरोगी माणसांना जेवढ्या फुगवट्याने दुखले नाही, तेवढ्याच फुगवट्याने चिडके आतडे असलेल्या अनेक रुग्णांना दुखू लागले. फुगा तोच, हवा तेवढीच, वेदना मात्र वेगळी. म्हणजे वेदना काल्पनिक नव्हती. संदेश वाहून नेणारी यंत्रणाच तिखट झाली होती. त्या मुलाचे "खरंच दुखतं हो" हे शब्द मला हा प्रयोग वाचताना आठवले आणि मान खाली घालण्याची पाळी माझ्यावर आली.

आता थोडे गणित करू. समजा, चक्राच्या प्रत्येक फेरीत आवाज १.२ पट होतो. तर दहा फेऱ्यांनंतर तो किती होईल? १.२ चा दहावा घात करा. उत्तर सुमारे ६.२ येते. म्हणजे आवाज सहापट झाला. आता ॲम्प्लिफायरचे बटण थोडे मागे फिरवून प्रत्येक फेरीत आवाज ०.८ पट होईल असे करा. दहा फेऱ्यांनंतर उरतो सुमारे ०.१, म्हणजे एक दशांश! हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. आतड्याला असे बटण नसते. पण त्यातून एक मोलाची गोष्ट शिकता येते. शिट्टी थांबविण्यासाठी माइक फोडावा लागत नाही. फेरीचा गुणक एकाच्या खाली आणला तरी पुरे. तसेच सगळा ताण नाहीसा करण्याची गरज नसते. ते कोणाला साधलेलेही नाही. चक्रात जेथे जमेल तेथे थोडी थोडी घट करावी, बाकीचे काम चक्रच करते.

सगळा दोष मनाचा नव्हे

येथे एक इशारा दिला पाहिजे. जठरातील व्रण, म्हणजे अल्सर, हा काळजीमुळे व तिखट खाण्यामुळे होतो असे डॉक्टरही अनेक वर्षे मानीत. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना अशा रुग्णांच्या जठरात एक वळणदार जिवाणू सापडला. कोणाचा विश्वास बसेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला! २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जिवाणूमुळे झालेला व्रण प्रतिजैविकांनी बरा होतो. त्याला "काळजी करू नकोस" एवढे सांगून भागत नाही.

तेव्हा पोटदुखी वारंवार होत असेल तर प्रथम डॉक्टरांना दाखवावे. शौचातून रक्त पडणे, वजन घटणे, ताप येणे, सतत उलट्या होणे, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणे, किंवा पोटाच्या उजव्या बाजूस खाली वाढत जाणारी तीव्र वेदना, यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही थांबू नये. ताणाचा विचार करायचा तो तपासणी झाल्यावर, तपासणीऐवजी नव्हे.

लोणावळ्याचा दाबमापक

श्वास आणि पोट यांचा संबंध उपकरणांनी मोजून पाहण्याचे काम आपल्या महाराष्ट्रातही फार पूर्वी झाले आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगाच्या क्रियांनी शरीरात नेमके काय होते ते केवळ सांगून न थांबता मोजून दाखवावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी क्षकिरण वापरले, दाबमापक वापरला. नौली या क्रियेच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी होतो, असे त्यांना आढळले. आपले गुरू माधवदास यांच्या नावावरून त्यांनी त्याला 'माधवदास निर्वात' असे नाव दिले. या निरीक्षणांचे लेख 'योगमीमांसा' या त्यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

नौली ही अवघड क्रिया आहे. लेख वाचून ती करू नका. पण त्यामागचे तत्त्व साधे आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. तो वर गेला की पोटातील दाब उतरतो, खाली आला की चढतो. प्रत्येक श्वासागणिक पोटातील इंद्रियांना ही हळुवार चालना मिळत असते. घाबरलेला माणूस मात्र छातीच्या वरच्या भागाने भराभर, उथळ श्वास घेतो.

एक प्रयोग करून पाहा

खुर्चीवर स्वस्थ बसा. डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटे ठेवून नाडी शोधा. आता चार अंक मोजत सावकाश श्वास आत घ्या आणि सहा अंक मोजत सावकाश बाहेर सोडा. नाडीकडे लक्ष द्या. श्वास घेताना ठोके थोडे जवळ जवळ येतात आणि सोडताना ते लांबतात, असे तुम्हाला जाणवेल. तुमच्या वयात हा फरक विशेष स्पष्ट असतो. असे का होते? श्वास सोडताना प्राणेशा तंत्रिकेचा हृदयावरील अंकुश वाढतो. म्हणजे ज्या संस्थेवर आपली हुकमत चालत नाही असे म्हणतात, तिच्याशी बोलण्याची एक खिडकी आपल्याला सापडली! चार अधिक सहा म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद आणि मिनिटाला सहा श्वास. रोज पाच-दहा मिनिटे याचा सराव करावा, म्हणजे ऐन वेळी तो उपयोगी पडतो. आग लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये.

बटण मागे कसे फिरवावे?

पहिले, नोंदवही ठेवा. दोन आठवडे रोज लिहा: काय खाल्ले, किती वाजता, झोप किती झाली, काळजी किती होती (शून्य ते दहा), पोट किती दुखले (शून्य ते दहा). प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच राशी बदलतो. येथेही तसेच करा. दूध, चहा, हरभरा, कांदा हे सगळे एकदम सोडले तर नेमके काय बाधते ते कधीच कळणार नाही, आणि वाढत्या वयात उपासमार मात्र होईल. नोंदवही डॉक्टरांना दाखवा; कोरड्या तक्रारीपेक्षा ती त्यांना अधिक उपयोगी पडते.

दुसरे, उपाशी पोटी धावपळ नको. पहिली गाडी गाठायची म्हणून काही न खाता निघायचे आणि अकरा वाजता स्टँडवर तिखट मिसळ हाणायची, हा क्रम चांगल्या पोटालाही मानवत नाही. अर्धी भाकरी का होईना, ठरल्या वेळी खावी. पुरेशी झोप आणि रोजचे चालणे यांनीही लाभ होतो.

तिसरे, मनातील भीती कोणाशी तरी बोला. चिडक्या आतड्यासाठी समुपदेशनाने लाभ होतो हे आता अनेक पाहण्यांत दिसले आहे. मँचेस्टरच्या डॉ. व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये औषधांनी बरे न झालेल्या ३० रुग्णांवर संमोहनोपचाराचा प्रयोग केला आणि त्यात स्पष्ट सुधारणा दिसली. हे जादूच्या खेळातले संमोहन नव्हे. शांत अवस्थेत पोटाकडे लक्ष वळविण्याचे ते एक शिक्षण असते. घरात बोलता येत नसेल तर भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

चौथे, आणि हे तुमच्या मित्रमैत्रिणींसाठी आहे: हसू नका. वर्गातून उठून जाणाऱ्याला टोमणा मारणे म्हणजे माइक स्पीकरच्या आणखी जवळ नेणे. शाळेत स्वच्छतागृह नीट नसले तर कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. ते स्वच्छ ठेवणे हाही पोटावरचा एक उपायच आहे.

आता त्या मुलाचे काय झाले ते सांगतो. मी त्याला बोलावून घेतले आणि सर्वांदेखत बोललो होतो म्हणून सर्वांदेखतच चूक कबूल केली. फळ्यावर माइक आणि स्पीकर काढून हे चक्र समजावून दिले. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी त्याला दाराजवळचे टेबल दिले. परीक्षकांना आधीच कल्पना दिली आणि त्याला सांगितले, "वाटेल तेव्हा उठून जा, विचारायचीही गरज नाही." तीन तासांत तो किती वेळा उठला असेल? एकदाही नाही! जाता येईल हे ठाऊक असणे, एवढ्यानेच फेरीचा गुणक एकाच्या खाली आला होता.

त्याचा त्रास समूळ गेला असे मी म्हणणार नाही. मध्यंतरी तो भेटला तेव्हा म्हणाला, "सर, अजून अधूनमधून दुखतं. पण आता शिट्टी वाजत नाही."

म्हणून मित्रांनो, यापुढे कोणी "पोटात दुखतंय" म्हणाले तर कॅननची मांजर आठवा. त्या बिचारीला ढोंग कोठे येत होते?